डबीचा काळा रंग

सदर : शनिवारची गच्ची



मागच्या महिन्यात आपण जुन्या पाटाला जवसाचं तेल कसं द्यायचं ते पाहिलं. त्यावर बऱ्याच जणांचे निरोप आले. काचीगुड्याच्या एका काकूंनी विचारलं, "लाकडाचं झालं, आता धातूचं सांग. तांब्याच्या पाट्यांवर ते निळे-जांभळे ढग असतात ना, ते घरी जमतात का रे?"

जमतात, काकू. रंगाचा डबा, ब्रश, स्प्रे यातलं काहीही न घेता जमतात. पण हे मी कसा शिकलो ते आधी सांगतो, कारण त्याची सुरुवात माझ्या हातून झालेल्या एका चुकीपासून आहे आणि ती चूक तुमच्याकडून होऊ नये.

आमच्या घरी एक बिदरीची डबी आहे. हैदराबादकरांना बिदरी म्हणजे काय ते सांगायला नको. आपल्याकडे निवृत्तीचा समारंभ असो की पाहुण्यांचा सत्कार, शालीबरोबर बिदरीची वस्तू येतेच. बडोदा-इंदूरच्या वाचकांसाठी एवढंच सांगतो, की काळ्याभोर धातूत चांदीची नक्षी बसवलेली असते ती बिदरी. आमची डबी आजोबांची. ते मूळचे भालकीचे, इथे येऊन शाळेत मास्तर झाले. १९८० साली निवृत्त झाले तेव्हा विद्यार्थ्यांनी वर्गणी काढून त्यांना ही डबी दिली. झाकणाच्या कडेनं चांदीच्या तारेची बारीक वेल आणि मधोमध एक फूल. आजोबा असेपर्यंत तिच्यात सुपारी असायची. ते गेल्यावर आजीनं तिच्यात लवंगा ठेवायला सुरुवात केली. आजी आता ९१ वर्षांची आहे. दिसतं कमी, पण डबी कुठे आहे ते तिला बरोबर माहीत असतं.

गेल्या दिवाळीच्या आधी मी घरातली पितळी-तांब्याची भांडी घासायला काढली. नवीन ड्रिल घेतलं होतं, त्याला बफिंगचं चाक लावलं की समई दहा मिनिटांत सोन्यासारखी होते, या आनंदात मी होतो. समई झाली, घंटा झाली, पंचपात्र झालं. मग हाताला लागली ही डबी. मला वाटलं, पंचेचाळीस वर्षांची काजळी आहे, काढून टाकू. आधी चिंच लावून घासली. काळं जाईना, म्हणून बारीक एमरी पेपर मारला आणि वरून चाक फिरवलं.

काळं गेलं. खाली निघाला एक फिकट, राखाडी, शिशासारखा दिसणारा धातू. त्यावर चांदीचं फूल आता शोधावं लागत होतं, कारण राखाडीवर चांदी दिसणार कशी? आणि चाकाच्या कडेत अडकून झाकणावरच्या वेलीची साधारण बोटभर तार उखडून कुठेतरी उडाली. गच्ची झाडून पाहिली, सापडली नाही.

बाबा संध्याकाळी वर आले. त्यांनी डबी हातात घेतली, उलटीपालटी करून पाहिली आणि खाली ठेवली. "मळ नव्हता तो," एवढंच म्हणाले आणि जिना उतरून गेले. रागावले असते तर बरं वाटलं असतं. आम्ही दोघांनी ठरवून टाकलं, की आजीला सांगायचं नाही. तिच्या लवंगा आठवडाभर स्टीलच्या डबीत राहिल्या. तिसऱ्या दिवशी तिनं विचारलंच, "माझी डबी कुठाय?" मी म्हटलं, "धुवायला घेतलीय." पुढचे तीन महिने ती डबी धुवायलाच होती.

आता माझ्याबद्दल थोडं. मी सॉफ्टवेअरवाला. माझ्या कामात एखादी गोष्ट बिघडली तर मागची आवृत्ती परत आणता येते. त्यामुळे पहिला विचार आला तो हाच, की काळा रंग परत चढवू, त्यात काय! बाबांचा जन्म मात्र कारखान्यात गेला. ३४ वर्षं टूलरूममध्ये. मी बाजारातून काळा स्प्रे आणला तो त्यांनी पाहिला आणि म्हणाले, "त्या डबीला हात लावायच्या आधी भंगारावर शीक." मग त्यांनी गच्चीवरच्या त्यांच्या पेटीतून एक पोलादी पट्टी काढून माझ्या हातात दिली. तिथून आमचे शनिवार सुरू झाले.

पोलाद : तापमान सांगणारा रंग

छिन्नीला पाणी देतात हे आपण ऐकलेलं असतं. लोहार छिन्नी लाल करतो, टोक पाण्यात बुडवतो आणि बाहेर काढून थांबतो. तेव्हा तो वाट पाहत असतो रंगाची. टोक घासून लखलखीत केलेलं असतं आणि मागच्या भागातली उष्णता हळूहळू टोकाकडे सरकते. ती सरकताना धातूवर रंगांचे पट्टे चालत येतात. हवा तो रंग टोकाशी आला की छिन्नी पुन्हा पाण्यात. बाबा म्हणाले, "आमच्याकडे मीटर नंतर आले. आधी रंगावरच चालायचं."

हे रंग ठरलेल्या क्रमानं येतात. साधारण २२० अंश सेल्सिअसला वाळलेल्या गवतासारखा फिकट पिवळा. २४० च्या पुढे गडद पिवळा. २६० च्या आसपास तपकिरी. २८० ला जांभळा. ३०० च्या जवळ मोरपंखी गडद निळा. त्याच्याही पुढे गेलात तर फिकट निळा आणि मग सगळे रंग जाऊन नुसता राखाडी. जुन्या मनगटी घड्याळांचे निळे स्क्रू आणि निळे काटे याच रीतीनं केलेले असतात. तो निळा कोणी लावलेला नसतो. पोलादाला तिथवर तापवून बरोबर वेळी थांबवलेलं असतं.

गंमत अशी, की या रंगांत रंगद्रव्य काहीच नाही. तापलेल्या पोलादावर हवेतल्या प्राणवायूमुळे ऑक्साइडचा एक पातळ पापुद्रा धरतो. पावसात रस्त्यावर सांडलेल्या पेट्रोलवर इंद्रधनुष्य दिसतं, तसाच हा प्रकार. काही प्रकाश पापुद्र्याच्या वरच्या बाजूवरून परततो, काही खालच्या धातूवरून परततो आणि दोन्ही एकमेकांत मिसळताना काही रंग मरतात, काही उठून दिसतात. कोणता रंग उरणार हे पापुद्र्याच्या जाडीवर ठरतं. ही जाडी केसाच्या जाडीच्या हजाराव्या भागाच्या आसपासची! जाडी किंचित वाढली की पिवळ्याचा जांभळा होतो.

म्हणूनच स्वच्छतेला इतकं महत्त्व. माझी पहिली पट्टी मी ६०० नंबरच्या पेपरनं घासली, मग १०००, मग १५००, आरशासारखी केली आणि मोठ्या अभिमानानं हातात धरून बाबांना दाखवली. मग तापवली. सुंदर निळा आला आणि त्या निळ्याच्या मधोमध माझ्या अंगठ्याचा ठसा, रेघारेघांसकट, पिवळा. सातबाऱ्यावर चालला असता इतका स्पष्ट. बोटाचं तेलसुद्धा त्या पापुद्र्याच्या वाटेत येतं. तेव्हापासून नियम केला : घासून झालं की स्पिरिटनं पुसायचं आणि त्यानंतर फक्त चिमट्यानं धरायचं.

दुसरी अडचण उष्णतेची. गॅसच्या थेट ज्योतीवर पट्टी धरली तर एक टोक निळं होतं तेव्हा दुसरं अजून पांढरंच असतं. यावर उपाय आपल्या फुटाणेवाल्याकडे आहे. तो हरभरे कढईत थेट भाजत नाही, तापलेल्या वाळूत भाजतो, म्हणजे उष्णता सगळीकडून सारखी लागते. आम्ही एका जुन्या लोखंडी कढईत बारीक वाळू घेतली, मंद आचेवर ती चांगली तापू दिली आणि तिच्यावर पट्टी ठेवली. वाळूऐवजी पितळेचा कीस घेतला तर आणखी चांगलं. घड्याळजी तेच वापरतात, कारण पितळ उष्णता लवकर आणि सारखी पोचवतं.

आणि तिसरी, सगळ्यात अवघड गोष्ट म्हणजे थांबणं. निळा दिसल्यावर उचललं तर उशीर झालेला असतो, कारण आतली उष्णता संपलेली नसते. जांभळा निळ्याकडे झुकायला लागला की उचलायचं आणि तेलात बुडवायचं. माझ्या पहिल्या सात-आठ पट्ट्या राखाडी झाल्या. प्रत्येक वेळी मला वाटायचं, अजून एक क्षण. बाबा बाजूला बसून फक्त "गेली" म्हणायचे. पण राखाडी झालेली पट्टी पेपरनं घासली की पुन्हा कोरी, पुन्हा पहिल्यापासून. पोलादाचा हा मोठेपणा आहे.

एक सूचना. धार लावलेली सुरी, कात्री, छिन्नी सुंदर दिसावी म्हणून निळी करायला जाऊ नका. त्या तापमानाला पोलादाचा कडकपणा उतरतो आणि धार टिकत नाही. स्टेनलेस स्टीलसुद्धा रंग घेतं, पण त्याला याहून जास्त तापवावं लागतं.

तांबं : काकूंची पाटी

आता काकूंच्या प्रश्नाकडे येतो. बेगम बाजारात तांब्याचा पत्रा वजनावर मिळतो. मी तळहाताएवढे तुकडे करून घेतले. स्वच्छ करायची रीत तीच. मग छोट्या गॅस टॉर्चची मंद ज्योत पत्र्याच्या खालून फिरवायची. आधी केशरी येतो, मग किरमिजी-जांभळा, मग निळसर, त्यानंतर फिकट सोनेरी. ज्योत एका जागी न ठेवता फिरवली की हे रंग एकमेकांत मिसळून ढगांसारखे दिसतात. दुकानातल्या पाट्यांवरचे ते ढग हेच. जास्त तापवलं तर वर काळी खपली धरते आणि ती झडते. ती आली म्हणजे पुन्हा घासणं आलं.

तांब्याला गडद तपकिरी किंवा काळा रंग हवा असेल तर त्याला गंधक लागतं आणि ते घरात असतं, उकडलेल्या अंड्यात. दोन अंडी कडक उकडून गरम असतानाच कुस्करायची आणि तांब्याच्या तुकड्याबरोबर झाकणाच्या डब्यात ठेवायची. तांब्याला अंडं चिकटू द्यायचं नाही, नाहीतर डाग पडतात. अंड्यातून निघणाऱ्या गंधकाच्या वायूनं काही तासांत तांबं सोनेरी तपकिरी, मग चॉकलेटी, मग काळपट होतं. आमच्या घरात अंडं चालत नाही, म्हणून तो डबा गच्चीवरच राहिला आणि डब्यावर बायकोनं खडूनं 'प्रयोग, खाऊ नये' असं लिहून ठेवलं.

हिरवा-निळा, म्हणजे जुन्या देवळाच्या कळसावर दिसतो तसा रंग हवा असेल तर सुताराकडचा लाकडाचा भुसा घ्या. तो व्हिनेगर आणि मिठानं ओलसर करा. तांब्याचा तुकडा त्यात पुरून पिशवीचं तोंड बांधून एक-दोन दिवस ठेवा. भुशाचे कण जिथे टेकतात तिथे ठिपके उमटतात. दर वेळी नक्षी निराळी येते. वाळल्यावर मेणाचा पातळ हात द्यायचा. तापवून आणलेल्या रंगांवर मात्र लॅकर मारला तर ते फिके पडतात, म्हणून तिथेही मेणच बरं.

अशी पाटी मी आमच्या दारासाठी केली. बाबांनी ती पाहिली, ठीक आहे म्हणाले. आम्हा दोघांनाही ठाऊक होतं की खरं काम अजून कपाटात जुन्या धोतरात गुंडाळून ठेवलेलं आहे.

जस्त : जिथे माझं डोकं चालेना

बिदरीचा धातू म्हणजे मुख्यतः जस्त, त्यात थोडं तांबं. साधारण १६ भाग जस्ताला १ भाग तांबं असं प्रमाण सांगतात. हे वाचल्यावर मी पेटीतल्या जस्ताच्या एका पट्टीवर प्रयोग सुरू केले.

पहिला प्रयोग मोरचुदाचा. मोरचुदाच्या पाण्याचा बोळा फिरवला आणि पट्टी क्षणात काळी झाली! मी ओरडून बाबांना बोलावलं. त्यांनी अंगठा फिरवला, अंगठा काळा आणि पट्टी पांढरी. जस्त मोरचुदातलं तांबं ओढून घेतं, ते अगदी बारीक कणांनी वर बसतं म्हणून काळं दिसतं, पण धरून राहत नाही. पुढे कळलं, की बिदरीचे कारागीरसुद्धा मोरचूद वापरतात, पण तो नक्षी कोरायच्या आधी. काळ्यावर टोकदार हत्यारानं रेघ ओढली की ती पांढरी उठून दिसते. काम झालं की तो काळा निघून जातो. म्हणजे मी ज्याला उत्तर समजत होतो तो त्यांचा पाटी-पेन्सिलीचा खेळ होता.

दुसरा विचार आला अंड्याच्या डब्याचा. गंधकानं काळं होतंच की! पण बाबा म्हणाले, "आणि चांदीचं काय?" बायकोचं एक तुटकं जोडवं होतं ते डब्यात टाकून पाहिलं. तासाभरात काळं. चांदीला गंधक अजिबात सोसत नाही, आपले दागिने कपाटात काळे पडतात ते त्यामुळेच. (ते जोडवं परत पांढरं केलं : भांड्यात ॲल्युमिनियमचा कागद, वर खायचा सोडा, त्यावर उकळतं पाणी आणि जोडवं कागदाला टेकवून ठेवलं. पाच मिनिटांत स्वच्छ. एवढं तरी माझ्या हातून नीट झालं.)

तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं, की बिदरीचं खरं कसब काळं करण्यात नाही. एकाच वस्तूवर दोन धातू शेजारी शेजारी बसलेले, त्यातला एक काळाकुट्ट व्हायचा आणि दुसऱ्याला डागही पडायचा नाही, असं काहीतरी हवं. ते बिदरच्या कारागिरांकडे आहे : बिदरच्या किल्ल्यातली जुनी माती आणि नवसागर. किल्ल्यात वर्षानुवर्षं ऊन-पाऊस न लागलेल्या जागची माती ते आणतात आणि जिभेला लावून तिची पारख करतात. जुन्या भिंतींवर सोरा फुटतो तसे क्षार त्या मातीत असतात. नवसागराबरोबर ती पाण्यात उकळली की ते पाणी जस्त-तांब्याच्या मिश्रणाला काळं करतं आणि चांदीला सोडून देतं. त्यात ते १६ ला १ तांबंही कामाचं असतं. तांबं नसेल तर तो दाट काळा येत नाही.

मी तरीही हट्टानं कुंडीतली माती आणि नवसागर घेऊन पाहिलं. पट्टीवर आले ते बुरशीसारखे करडे डाग. माती किल्ल्यातली नव्हती आणि धातूही नुसतं जस्त होतं. बाबा म्हणाले, "चल, बिदरला जाऊ." गेले दोन महिने त्यांना हे माहीत होतं असं मला वाटतं. मी थकायची ते वाट पाहत होते.

बिदर

संक्रांतीनंतरच्या शनिवारी गाडी काढली. हैदराबादहून बिदर दीडशे किलोमीटरच्या आतच. वाटेत बाबा बोलत होते, जे ते सहसा करत नाहीत. १९५६ पर्यंत हे सगळं एकच हैदराबाद राज्य होतं. मग मराठवाडा मुंबई राज्यात गेला, बिदर म्हैसूरकडे गेलं आणि आमच्यासारखी घरं, ज्यांचं गाव एकीकडे, नोकरी दुसरीकडे आणि सोयरे तिसरीकडे, ती होती तिथेच राहिली. आजोबा सुटीत भालकीला जाताना बिदरला उतरून किल्ला दाखवायचे, असं बाबांनी सांगितलं. मी हे पहिल्यांदाच ऐकत होतो.

बिदरमध्ये आजही बिदरी काम चालतं. या कामाला २००६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आणि २०२३ मध्ये तिथले कारागीर शाह रशीद अहमद कादरी यांना पद्मश्री मिळाली. आम्ही गेलो ते एका साध्या गल्लीतल्या छोट्या दुकानात. पुढे मांडणी, मागे काम. एक वयस्क कारागीर जमिनीवर बसून सुरईच्या गळ्यावर तार ठोकत होते. मी धोतर सोडून डबी पुढे केली. त्यांनी ती पाहिली, माझ्याकडे पाहिलं, मग बाबांकडे.

"इसको घिसा कौन, साब?"

मी हात वर केला, शाळेत करतात तसा. ते हसले. म्हणाले, महिन्यातून एखादा येतोच असा, बहुतेक दिवाळीनंतर. "चांदी कू कुछ नै हुआ. काला आ जाता."

पुढचं काम बघण्यासारखं होतं. त्यांनी डबी आधी अगदी बारीक पेपरनं हलक्या हातानं सारखी केली. माझ्या चाकाचे ओरखडे निघायला त्यांना अर्धा तास लागला, तेवढा वेळ काळं करायलाही लागला नाही. मग डबी मंद आचेवर गरम केली, हाताला चटका बसेल इतपत. शेजारी भांड्यात माती-नवसागराचं पाणी उकळत होतं, गढूळ, चिखलाच्या रंगाचं. डबी त्यात गेली. ते मधूनमधून चिमट्यानं वर काढून बघत आणि पुन्हा सोडत. आधी करडा, मग काळसर आणि मग एकदम तो खोल काळा, ज्याला खाली तळ आहे असं वाटत नाही. त्यांनी साध्या पाण्यात धुऊन कापडानं पुसली, बोटावर थोडं तेल घेऊन चोळलं. आणि फूल दिसलं. मी तीन महिने ज्या चांदीकडे बघत होतो ती तीच होती, पण आता कुठे दिसत होती.

बाबा सगळा वेळ वाकून बघत होते. भांड्यातून डबी शेवटची बाहेर काढायच्या क्षणी मी पाहिलं, त्यांचे ओठ हलले. 'आत्ता' असं काहीतरी. त्याच क्षणी कारागिरानं चिमटा उचलला. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. भाषा वेगळी, कारखाना वेगळा, पण थांबायची वेळ दोघांनाही दिसली होती. मला मात्र काहीच वेगळं दिसलं नव्हतं.

वेलीच्या तुटलेल्या तारेचं विचारलं. कारागीर म्हणाले, नवी तार बसवता येईल, पण खाच पुन्हा खोल करावी लागेल. इथला पत्रा झिजून पातळ झालाय, शेजारची पानंही हलतील. करायचं तर करतो, पण त्यांचं मत विचाराल तर राहू द्या. बाबा म्हणाले, "राहू द्या." त्यांनी सांगितलेले पैसे इतके थोडे होते की मी दोन लहान ताटल्याही विकत घेतल्या.

घरी आलो तेव्हा रात्र झाली होती. आजी जागी होती. डबी तिच्या हातात दिली. तिनं झाकण उघडलं, मिटलं, मग अंगठा कडेवरून गोल फिरवला. जिथे तार नाही तिथे अंगठा थांबला.

"इथली वेल कुठे गेली रे?"

तेव्हा मी तिला सगळं सांगितलं. ड्रिलपासून बिदरपर्यंत. ती ऐकत होती. शेवटी म्हणाली, "तीन महिने धुवायला म्हणून खोटं बोललास, ते वाईट. डबीचं काय, तुझ्या आजोबांनीच ती दोनदा पाडली होती. लवंगा आण."

करून बघणार असाल तर

काही गोष्टी ध्यानात ठेवा. काम मोकळ्या हवेत, गच्चीवर किंवा अंगणात करा, बंद स्वयंपाकघरात नको. गॅल्व्हनाइज केलेली वस्तू, म्हणजे जस्ताचा मुलामा असलेले नट-बोल्ट किंवा पत्रा, टॉर्चनं तापवू नका. त्यातून निघणाऱ्या जस्ताच्या धुरानं थंडी वाजून ताप येतो. नवसागर तापला की नाकातोंडाला झोंबणारे वायू निघतात, म्हणून त्याचा नाद घरी न केलेलाच बरा. मोरचूद विषारी आहे, मुलांच्या हाती लागू देऊ नका आणि हातमोजे घाला. या कामाची कढई, डबे, चमचे पुन्हा स्वयंपाकात आणू नका. ज्यात खायचं-प्यायचं त्या भांड्यावर यातला कुठलाही प्रयोग नको. सुरुवात पोलादाच्या पट्टीपासून करा. चुकलं तर पेपर मारून पुन्हा कोरी होते.

आणि घरातली जुनी काळी वस्तू घासायच्या आधी एकदा घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा, की हा मळ आहे की रंग. बिदरी असेल तर तिला चिंच, लिंबू, भांडी घासायची पावडर यातलं काहीच नको. मऊ कापडानं पुसायची आणि अधूनमधून बोटावर थेंबभर खोबरेल घेऊन चोळायचं, बस.

पुढच्या महिन्यात टायटॅनियम. तिथे आच लागत नाही, वीज लागते. ९ व्होल्टच्या तीन बॅटऱ्या एकापुढे एक जोडल्या की २७ व्होल्ट होतात आणि सोड्याच्या पाण्यात बुडवलेला तुकडा निळा होतो. तिथे रंग व्होल्टवर ठरतो आणि आकडा समोर दिसतो, त्यामुळे मला वाटलं होतं की निदान त्यात तरी मी बाबांच्या पुढे असेन. काय झालं ते पुढच्या वेळी सांगतो.

काकू, तुमच्यासाठी तांब्याची एक पाटी करून ठेवली आहे. नाव सांगा, कोरून देतो.